नेढं

रात्री बारापर्यंत मुदत.
कुठल्या देशातले बारा, ते लिहिलेलं नाही.
त्यांचं घड्याळ आपल्या मागे तीन तास,
असं दिगंबर म्हणतो आणि चहा ठेवायला जातो.
रुवीत शिंप्यांच्या गल्लीची शटरं पडलीत,
भिंती अजून दिवसाची ऊब ओकताहेत
आणि मी अर्जाच्या पान चारवर.

*संस्थेचं उद्दिष्ट, दीडशे शब्दांत.*
चाळिशी लागलेल्यांना चाळिशी.
संपलं की!
आपल्याकडे दुखण्याला आणि औषधाला
एकच शब्द पुरतो.
अर्ज इंग्रजीत, तिथे ही सोय नाही,
मग उरलेली चौकट मी
सक्षमीकरण, समावेशन असल्या कापसाने भरते.

*नोंदणी क्रमांक.*
उसना. डॉक्टर शेणवींच्या दवाखान्याचा.
त्यांच्या छत्रीखाली आम्ही सातजण,
आणि चष्म्यांची तीन खोकी.

*एका लाभार्थीची कहाणी. फोटो जोडा.*
उस्मान हुर्जूक, मूळचे बाणकोटचे,
दिशदाशाच्या गळ्याशी गोंडा लावायचं काम.
दोन वर्षं त्यांनी दिवा बदलला, धागा बदलला,
सुईची कंपनी बदलली,
शेवटी मालकाने कारागीर बदलायचं काढलं.
समोरच्या दुकानातलं नेपाळी पोर
रोज सकाळी त्यांना वीस सुया ओवून द्यायचं,
कुणाच्या नकळत, एका समोशावर.
हे लिहू का? पोराची नोकरी जाईल.
खोडते.
त्या शुक्रवारी नमाजानंतर
त्यांनी दोन नंबरचा चष्मा नाकावर ठेवला,
दोरा ओठांत ओला केला,
आणि सुईकडे नाही, आधी
स्वतःच्या बोटांकडेच बघत राहिले.
"एवढी टोचल्येत होय," म्हणाले.
फोटो काढू दिला नाही.

*परिणाम कशाने मोजाल?*
नेढ्याने.
पहिल्या फटक्यात ओवलं तर एक, नाही तर शून्य.
इंग्रजीत सुईला डोळा असतो.
आमच्याकडे नेढं:
गडाच्या माथ्यावर खडकाला आरपार पडतं तेही नेढंच,
त्यातून माणूस वाकून जातो, वारा सरळ जातो.
हे सगळं कुठल्या रकान्यात बसवू?

*अंदाजपत्रक.*
एका चष्म्याला एक रियाल दोनशे बैसा.
ओमानी पैशाला दशांशापुढे तीन घरं लागतात,
चौकट दोनच घेते.
एका शून्यापायी पाऊण तास गेला.

*अनुदान संपल्यावर उपक्रम कसा टिकेल?*
झुबेदा वांगडे पलीकडून म्हणते,
"लिही, लोकांचे डोळे जायचे थांबणार नाहीत,
याहून टिकाऊ काय असतं?"
लिहिलं. मग पुसलं.
मग परत लिहिलं, जरा सभ्य करून.

शेवटचं कलम मुंगीएवढं.
लॅपटॉप लांब सरकवते, अजून लांब,
हात संपतो.
दिगंबर काही बोलत नाही,
कप ठेवतो आणि पायाने खोकं माझ्याकडे ढकलतो.
दीड नंबर.
अक्षरं पाण्याखालून वर आल्यासारखी आली:
*अर्जदारांपैकी कुणाला या निधीचा
प्रत्यक्ष लाभ होतो काय?*

त्रेचाळीस पूर्ण, मार्चमध्ये.
औषधांच्या बाटल्या गेलं वर्षभर
मी मुलाकडून वाचून घेतेय,
"तुझा उच्चार सुधारतो" म्हणत.

होय, लिहिते. एक.
वर जाऊन चारशे बाराचे चारशे तेरा करते.
डब्यात एक रियाल दोनशे टाकते;
झुबेदा पावती फाडतेच.

पाठवा.
गोल फिरतंय, फिरतंय.
चहावर साय धरली.
उद्या शुक्रवार,
आणि दीड नंबरचे अकराच उरलेत.